एक कागद कमी

मंगळवार, ६ जानेवारी

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि बायकोनं बोलायला. ऑफिसातून आलात की भिंतीसारखे बसून असता, असं तिचं म्हणणं. दोन्ही माझ्याच्यानं होण्यातलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. डायरी मुलीनं दिली होती, तशीच कोरी पडून होती. बघू किती दिवस टिकतं.

आजपासून फिरता कक्ष माझ्या गळ्यात पडला. आमच्या वृद्ध कल्याण कार्यालयाची तिकडच्या खेड्यातली शाखा बंद झाली. तिथल्या खुर्च्यासुद्धा विकून टाकल्या. त्याऐवजी दर मंगळवारी मी, एक ड्रायव्हर, एक लोखंडी पेटी आणि एक अंगठा घ्यायचं यंत्र असे आम्ही चौघं गाडीनं तिकडे जाणार. निवृत्ती जवळ आली की माणसाला खिडकीजवळची खुर्ची देतात, अशी माझी समजूत होती. खिडकी मिळाली, पण गाडीची.

बसायला जी खोली दिलीय ती पूर्वी दूध गोळा करायची होती. भिंतींना अजून आंबूस वास आहे. फरशीला मोरीकडे उतार, त्यामुळे टेबलावर पेन ठेवलं की ते आपलं मोरीच्या दिशेनं निघतं. छताला वजनकाट्याचा आकडा लोंबतोय. ड्रायव्हरनं त्याला आपली डब्याची पिशवी अडकवली आणि गाडीत जाऊन झोपला.

म्हातारी माणसं आमच्या आधीच येऊन बसली होती. भिंतीला लावलेली बाकं ओढून त्यांनी गोल केला होता. मी म्हटलं, रांग करा. एक आजी लोकर विणत बसल्या होत्या. सुया न थांबवता म्हणाल्या, "रांगेत पाठी दिसतात हो साहेब. तोंडं दिसत नाहीत." मी साहेब नाही, कारकून आहे, हे सांगून बघितलं. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी गोलातच नंबर लावला.

कामं नेहमीचीच. पेन्शन, घरपोच औषधं, चष्म्याची मंजुरी, अंथरुणावरच्या माणसासाठी घरी येणारी मदतनीस. प्रत्येकानं स्वतः यायचं, कागद दाखवायचे, अंगठा द्यायचा. यंत्र यांचे अंगठे घेत नाही, कामं करकरून रेषाच झिजल्यात. तिथं माझ्या सहीवर भागवायचं.

आणि कागद! एकाचेही पुरे नाहीत. कुणाचा फोटो घरी, कुणाचं ओळखपत्र घरी. "एक कागद कमी आहे, पुढच्या मंगळवारी घेऊन या," हे सांगून सांगून घसा बसला. बायकोनं विचारलं, आज तरी बोललात का कुणाशी? म्हटलं, दिवसभर बोललो, पण एकच वाक्य.

रविवार, ११ जानेवारी

ताईला फोन केला. भावजी गेल्यापासून ती एकटीच असते, आणि तिच्या गावाला जायला बस बदलावी लागते. मागच्या दाराची कडी निखळलीय म्हणे. "तू येशील तेव्हा बघ." मी म्हटलं, सुताराला पाठवतो. "नको रे छोटू, एवढी काही घाई नाही." साठीला आलो तरी छोटू. फोन ठेवताना पुन्हा म्हणाली, कडीचं लक्षात ठेव.

घाई नाही तर आठवण कशाला करायची?

मंगळवार, २० जानेवारी

आज कपाळाला हात लावायची वेळ आली. लोकरवाल्या आजींचा गेल्या खेपेला फोटो राहिला होता. आज फोटो आणला, तर ओळखपत्र घरी! जे गेल्या खेपेला आणलं होतं ते. पोस्टमन काकांची तीच तऱ्हा. हा माणूस जन्मभर लोकांचे कागद बरोबर त्यांच्या दारात नेऊन देत होता, आणि आता स्वतःचा कागद त्यांच्याच्यानं या खोलीपर्यंत पोचत नाही.

बरं, विसराळू म्हणावं तर तसंही नाही. आजींनी आल्या आल्या विचारलं, "गुडघा कसाय? डावा ना?" मागे उठताना मी एकदाच 'आई गं' म्हटलं असेन. त्यांनी लोकरीच्या धाग्यानं माझ्या गुडघ्याचं मापसुद्धा घेतलं. माझा गुडघा यांच्या लक्षात राहतो आणि स्वतःचं ओळखपत्र राहत नाही. म्हातारपण काही वेगळंच असतं.

सगळे कागद घेऊन आलेला माणूस आज एकच भेटला. शिंपी काका. पहिल्यांदाच आले. कागदांना इस्त्री केलेली, आणि ते ठेवायला स्वतः शिवलेली कापडी पाकीटवजा पिशवी, वर बांधायला बंद. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी टेबल हलवून बघितलं, खिशातून चिंधी काढली, घडी केली आणि उताराकडच्या पायाखाली सारली. पेन जागेवर थांबलं. मग बसले.

त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे अगदी तोंड कानाशी नेऊन ओरडलं तर येतं. बायको पडल्यापासून अंथरुणावर आहे. रोज सकाळी आमच्या कार्यालयाची मदतनीस येऊन तिला आंघोळ घालायची, कुशीवर वळवायची. ती महिन्यापूर्वी यायची बंद झाली. का, हे यांना माहीत नाही.

मी पेटीतल्या कागदात शोधलं. मुख्य कार्यालयातून यांना फोन गेला होता. पत्नी चालतात का? हो. आंघोळ स्वतः करतात का? हो. स्वयंपाक करतात का? हो. मदत थांबवली तर चालेल का? हो.

मी एकेक प्रश्न त्यांच्या कानात ओरडून सांगितला. खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. काकांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "ऐकू काही आलं नाही हो. पण पोरगी आवाजावरून गोड वाटत होती. तिला किती वेळा 'काय, काय' म्हणणार? म्हणून हो म्हणत गेलो." आणि मग म्हणाले, "चालते म्हणालो मी? ती?"

त्यांच्या मनगटाला दोऱ्याचा फास होता. दुसरं टोक घरी बायकोच्या हाताशी असतं. हाक ऐकू येत नाही म्हणून ती दोरा ओढते. आज येताना त्यांनी तो दातानं तोडला आणि शेजारणीला बसवून आले. "मी टाके घालणारा माणूस, साहेब. मला उचलवत नाही तिला."

मला फार वाईट वाटलं. एवढंच लिहितो.

मंगळवार, २७ जानेवारी

शिंपी काकांचं झालं, निदान तात्पुरतं. मॅडमकडून आदेश आणला. आमच्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या आहेत. मला 'काका' म्हणतात, आणि काका म्हटलं की पुढे काहीतरी अवघड सांगणार हे मी ओळखून असतो. म्हणाल्या, "काका, फोनवरची नोंद अशी खोडता येत नाही. कक्षात समोरासमोर पडताळणी करा. ती पूर्ण होईपर्यंत मदतनीस चालू ठेवते." पडताळणी म्हणजे डॉक्टरचा दाखला, शेजाऱ्याचा जबाब, फोटो आणि अर्ज. डॉक्टर तिकडे कधी उगवेल तेव्हा खरं. पण मदतनीस उद्यापासून जाणार. काकांना सांगितलं तेव्हा ते हो म्हणाले. मी पुन्हा ओरडून, खरंच ऐकू आलंय का याची खात्री करून घेतली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गाडी रस्त्यात बंद पडली. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला आणि मी धुळीत. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मला वाटलं सगळे घरी गेले असतील, कुलूप बघून परत फिरू. तर सगळे गोलात बसलेले. कुणीतरी थर्मास आणला होता, त्यातला शेवटचा कपभर चहा माझ्यासाठी ठेवला होता. पोस्टमन काकांनी घड्याळाकडे बघत म्हटलं, "उशीर झाला तरी डाक येतेच." सगळे हसले.

एवढा वेळ होता तर तेवढ्यात घरी जाऊन राहिलेला कागद आणायचा की नाही? आजही प्रत्येकाचा एक कमी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. "काका, बसा." मी ओळखलंच.

फिरत्या कक्षाची निकाली प्रकरणं अगदीच कमी आहेत. येणारे पुष्कळ, पण संपणारं काम जवळपास नाही. असंच राहिलं तर कक्ष बंद करून सगळं फोनवर नेणार. एक दाबा, दोन दाबा. मी शिंपी काकांची हकिगत सांगितली. त्यांनी मान हलवत ऐकली, ऐकल्यासारखं करून नाही. मग म्हणाल्या, "हे एक उदाहरण झालं काका. वर मला आकडा द्यावा लागतो. आकडा सुधारून दाखवा, मग मी बघते."

वाईट बाई नाही. उभ्यानं डबा खात होती बिचारी. मध्येच त्यांच्या आईचा फोन आला, "नंतर करते गं" म्हणून त्यांनी ठेवला. मी तिथं होतो तेवढ्यात दुसऱ्यांदा आला.

मला काय करायचंय ते मला कळलंय. ही म्हातारी माणसं विसरतात आणि त्यांच्या विसरभोळेपणापायी कक्ष बुडणार. मंगळवारी एकेकाला फैलावर घेतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

घेतलं फैलावर. आवाज चढवला, इतका की ड्रायव्हर गाडीतून उठून आला. म्हटलं, मी पाठीचा भुगा करून इथवर येतो आणि तुम्ही एक कागद सांभाळू शकत नाही? तुमची कामं पुरी होत नाहीत म्हणून हा कक्ष बंद करायला निघालेत. मग बसा फोनचे आकडे दाबत!

मग पोस्टमन काकांनी सावकाश विचारलं, "म्हणजे कामं पुरी झाली, तर कक्ष राहील?"

"हो! तेच तर सांगतोय."

"आम्ही उलट समजत होतो," लोकरवाल्या आजी म्हणाल्या.

"उलट म्हणजे?"

"काही नाही. घ्या." आणि त्यांनी लोकरीच्या पिशवीच्या तळातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

पिशवीतच होतं! मग एकेक निघू लागले. कुणाचा कागद छत्रीच्या घडीत, कुणाचा कोटाच्या आतल्या खिशात, पोस्टमन काकांचा तर टोपीत. सगळे इथेच होते. मी जेवायलाही उठलो नाही. शिक्के मारून मारून हात भरून आला. उलट काय समजत होते ते विचारायचं होतं, पण गर्दीत राहून गेलं.

घरी येऊन बायकोला म्हटलं, जरा आवाज चढवला की कामं होतात बघ. ती म्हणाली, "असं का? मग बाथरूमच्या नळावर चढवून बघा."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

उरलेलं सगळं आज संपलं. दुपारच्या आत टेबल मोकळं. शिंपी काकांचा डॉक्टरचा दाखला तेवढा यायचाय. पेटी बंद केली तरी कुणी उठेना. म्हटलं, आता कशाला बसलात? एकजण म्हणाला, ऊन उतरू दे जरा. ऊन काही फार नव्हतं.

आजींनी गुडघ्याला घालायची लोकरीची पट्टी दिली. राखाडी, मापात बरोबर. नोकरीत असं काही घ्यायचं नसतं, पण घेतली. आत्ता घालून बसलोय. बरं वाटतंय. या नोकरीत फार दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

रविवार, २२ फेब्रुवारी

ताईच्या गावातला सुतार फोनवर गाठून तिच्याकडे पाठवला होता. तिनं त्याला दारातूनच परत लावलं! "त्याला काय कळतंय," म्हणे. म्हटलं, सुताराला कडी कळत नाही आणि मला कळते? आयुष्यात कधी हातोडी धरलीय का मी? तर म्हणते, "तू आल्यावर बघू." मी चिडलो आणि फोन लवकर ठेवला. दार दोरीनं बांधून झोपते म्हणे. या वयात एवढा हट्ट बरा नाही.

सोमवार, २ मार्च

मॅडमनी बोलावलं. आज मी आपणहून खुर्ची ओढून बसलो, कारण आकडा घेऊन गेलो होतो. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. "काका, कमाल केलीत. प्रलंबित जवळजवळ शून्य." आणि मग, "त्यामुळे आता कक्ष बंद करायला काहीच अडचण नाही."

मला आधी वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं.

नियम असा आहे म्हणे, की कक्षात एक जरी प्रकरण प्रलंबित असेल तर ते निकाली निघेपर्यंत कक्ष बंद करता येत नाही. वरच्यांची अडचण तीच होती. ती मी दूर केली. नवीन अर्ज आजपासून कक्षात घ्यायचे नाहीत, ते फोनवर. शिंपी काकांची पडताळणी तेवढी उरलीय, ती संपवायची आणि पेटी परत आणायची. म्हटलं, मॅडम, तुम्ही बघते म्हणाला होतात. त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "बघितलं काका. वरून ठरलंय. तुम्हाला खिडकीजवळचं टेबल देते."

म्हणजे कामं झाली नाहीत म्हणून बंद, आणि झाली म्हणूनही बंद. मी बाहेर येऊन जिन्यातच बसलो. गुडघ्याला ती पट्टी होती.

पडताळणी संपली की शिंपी काका पुन्हा फोनवर जाणार. काही महिन्यांनी त्यांना पुन्हा फोन येईल. गोड आवाजात कुणीतरी विचारेल, चालतात का? आणि ते म्हणतील, हो.

मंगळवार, १० मार्च

गेल्या मंगळवारी मी रजा टाकली, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आज सांगून टाकलं. मला वाटलं होतं ओरडतील, मला बोल लावतील. कुणी बोल लावला नाही, ते जास्त लागलं. पोस्टमन काका म्हणाले, "दवाखाना बंद झाला तेव्हा ओरडलो. बस बंद झाली तेव्हा ओरडलो. तुमच्या शाखेच्या वेळीही ओरडलो. आता दम नाही राहिला, साहेब."

मी आजींना विचारलं, तुम्ही उलट काय समजत होता?

सुया चालूच होत्या. "आम्हाला वाटायचं, काम संपलं की तुमचं यायचं कारण संपलं. म्हणून एक कागद मागे ठेवायचा."

"सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं?"

"छे. मला वाटत होतं मी एकटीच करतेय. त्या दिवशी तुम्ही ओरडलात आणि एकेकाचे कागद निघाले, तेव्हा कळलं, सगळेच चोर." कुणीतरी हसलं. "शिंपी तेवढा साधा. त्याला काही कारण लागत नाही. त्याला खरंच काम असतं."

मी काय केलं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे आधीच आलं होतं, आज कानांनी ऐकलं. यांनी बांधून ठेवलेलं दार मी धक्का मारून उघडलं, आणि वर आवाज चढवला. स्वतःची एवढी लाज बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

शिंपी काकांचा डॉक्टर आज येऊन गेला. पुढच्या मंगळवारी सगळे कागद आणतो म्हणाले. आणणारच.

रविवार, १५ मार्च

डोक्यात एक विचार येतोय आणि मी तो झटकतोय. नोकरीत आजवर एक खोटी नोंद केली नाही. फार मोठा प्रामाणिक आहे म्हणून नाही, घाबरट आहे म्हणून. आता निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर सगळंच अडकेल. बायकोला अर्धवट सांगितलं. तिनं बटाटे सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाली, "मंगळवारी तुम्ही घरी येऊन बोलता. बाकीच्या दिवशी नाही. मला एवढंच माहीत आहे."

ताईला आज फोन केला नाही.

मंगळवार, १७ मार्च

नीट लिहून ठेवतो.

कामं नसताना सगळे आले होते. गोल करून बसले होते. शिंपी काका आले, टेबलाचा पाय बघितला, चिंधी होती तिथंच होती. बसले, बंद सोडले. डॉक्टरचा दाखला, शेजाऱ्याचा जबाब, फोटो, अर्ज. सगळ्यांना इस्त्री. मी एकेक वाचला. खोट काढायला कुठे जागा नाही. मनगटाला तोडलेल्या दोऱ्याचा फास होताच.

मी 'निकाली'चा शिक्का शाईवर टेकवला. हात तिथंच राहिला. मग शिक्का बाजूला ठेवला आणि म्हटलं, "काका, एक कागद कमी आहे."

काका हसून म्हणाले, "हो."

ऐकू आलं नव्हतं. मी जरा मोठ्यानं म्हटलं. "हो हो." हळू आवाजात खोटं बोलायची सोय देवानं मला ठेवली नव्हती. मी उठलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "एक कागद! कमी आहे! पुढच्या मंगळवारी! घेऊन या!"

भिंतींवरून आवाज फिरून आला. दारात ड्रायव्हर उभा होता. सुयांचा आवाज थांबला. त्या थांबलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

काकांचं तोंड उतरलं. "कसं होईल साहेब? मी तीनदा बघितलं घरी." त्यांनी कागद बोटांनी मोजले, आणि जबाब वर काढून माझ्यापुढे धरला. "हा बघा की. आहे. आहे सगळं." खरा माणूस खरा कागद माझ्या तोंडासमोर धरून उभा, आणि मी घामानं डबडबलेला.

आजी उठल्या. विणकाम बाकावर ठेवलं, टेबलाशी आल्या, काकांच्या हातातून तो जबाब घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या लोकरीच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. मग काकांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "घरी राहिला!"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. गोलात बसलेल्या एकेकाकडे बघितलं. शिंप्याची नजर ती, माप घेतल्यासारखी. मग उरलेले कागद पाकिटात घातले, बंद बांधले, अगदी निवांत.

"बरं," म्हणाले. "राहिला असेल. पुढच्या मंगळवारी आणतो." दारापर्यंत गेले आणि वळले. "पण मग तेव्हा फोटो राहील."

पोस्टमन काकांना हसू आवरेना, टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी वहीत लिहिलं, प्रलंबित एक. अक्षर जरा वाकडं आलं. ड्रायव्हरनं विचारलं, पेटी कायमची उचलायची ना? म्हटलं, उचला, पण मंगळवारी परत आणायची आहे.

बुधवार, १८ मार्च

मॅडमना अहवाल दिला. त्यांनी वाचला आणि बराच वेळ कागद हातातच धरला. "एकच प्रकरण? काय कमी आहे काका?"

"शेजाऱ्याचा जबाब."

"मिळेल ना?"

"वेळ लागेल, मॅडम. म्हातारी माणसं आहेत. विसरतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन वाजला, आईचाच असावा. त्यांनी तो कापला नाही, उचललाही नाही, वाजू दिला. मग सही केली. "प्रलंबित असेल तर जावंच लागेल तुम्हाला."

किती दिवस चालेल हे? कुणीतरी एक दिवस विचारेलच. मला भीती वाटते. पण त्या मदतनीस बाईला उद्याही जायचंय, परवाही.

रविवार, २२ मार्च

ताईकडे गेलो. न कळवता. बस बदलताना गुडघा बोलला. ताईनं दार उघडलं आणि आधी माझ्या पाठीमागे बघितलं, आणखी कुणी आलंय का. "एकटाच आलास? काय झालं?" म्हटलं, कडी बघायला आलोय.

मागचं दार खरंच दोरीनं बांधलेलं. मी कडी लावली. एक तासाचं काम मला दुपारभर पुरलं, ती शेजारी मोड्यावर बसून बोलत होती. भावजींबद्दल, आईबद्दल, मी लहानपणी कुठं कुठं पडलो त्याबद्दल. कडीला भोकं चार होती.

ती म्हणाली, "तीनच स्क्रू? चौथा कुठाय?"

माझ्या खिशात होता. म्हटलं, "राहिला गं घरी. पुढच्या रविवारी आणतो."